अडीच महिन्यांचं बाळ आणि साठ दिवसांचा नियम : देवळालीच्या आमदारांचं एक प्रकरण

१९ डिसेंबर २०२२, नागपूर. हिवाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं होतं. त्यामुळे तीन वर्षांनी सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनाच्या आवारात पुन्हा गर्दी लोटली होती. पोलिसांचं कडं, पासांची तपासणी, कॅमेरे, कार्यकर्ते. त्या गर्दीतून देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आल्या त्या बाळाला छातीशी धरून. बाळ जेमतेम अडीच महिन्यांचं होतं.

तो फोटो महाराष्ट्रभर फिरला. आयाबायांनी तो एकमेकींना पाठवला, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतला, पक्षाचा विचार न करता लोकांनी कौतुक केलं. नाशिकला तर विशेष, कारण बाई आपली होती.

मी नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या बायकांची शिबिरं घेते. तिथे हे प्रकरण मी अनेकदा मांडलं आहे. दर वेळी बायकांनी त्यात काहीतरी नवं दाखवलं, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून काढते आहे. मला त्या फोटोपेक्षा त्याच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरचे अडीच महिने महत्त्वाचे वाटतात. आधीच्या पाच वर्षांत बाई सभागृहापर्यंत कशी पोचते ते दिसतं, आणि नंतरच्या अडीच महिन्यांत ती पोचल्यावर सभागृह तिच्यासाठी काय करतं ते दिसतं.

देवळालीपर्यंतची वाट

देवळाली हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. देवळाली कॅम्पचा लष्करी भाग, भगूर आणि नाशिक तालुक्यातली गावं त्यात येतात. १९९० पासून २००९ पर्यंतच्या सलग पाच निवडणुका इथे शिवसेनेच्या बबनराव घोलपांनी जिंकल्या. २०१४ ला त्यांचे चिरंजीव योगेश घोलप निवडून आले. जवळजवळ तीस वर्षं आमदारकी एकाच घरात होती.

सरोज अहिरे राजकारणाला परक्या नव्हत्या. माजी आमदार बाबूलाल अहिरे यांच्या त्या कन्या. हे सांगितलं की शिबिरात हमखास कुणीतरी म्हणतं, "हां, म्हणजे बाप आमदार होता म्हणून." मी ते खोडून काढत नाही. आपल्या भागातल्या बायकांची राजकीय वाट बहुतेक वेळा माहेरच्या नाहीतर सासरच्या अंगणातूनच निघते. डॉ. भारती पवार या माजी मंत्री ए. टी. पवार यांच्या सूनबाई. इगतपुरीतून दोनदा आमदार झालेल्या निर्मला गावित या नंदुरबारचे माजी खासदार माणिकराव गावित यांच्या कन्या. पण घरच्या नावानं ओळख मिळते, लोक "या बसा" म्हणतात. तिकीट वाटताना ती ओळख फार लांबवर पुरत नाही. या तिन्ही बायकांना आयुष्यात एकदा तरी पक्ष बदलावा लागला, याकडे मी शिबिरात मुद्दाम लक्ष वेधते.

सरोजताईंची सुरुवात महापालिकेतून झाली. २०१७ च्या निवडणुकीत नाशिक महापालिकेच्या १२२ जागा होत्या. भाजपने ६६ जिंकल्या, त्यांत त्या एक. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, म्हणजे त्या सभागृहात किमान ६१ बायका बसल्या. चार सदस्यांचे प्रभाग होते. अशा प्रभागात एका गल्लीचे चार नगरसेवक असतात, गटार तुंबलं की लोक चौघांपैकी जो फोन उचलेल त्याच्याकडे जातात. ज्या बाईनं फोन उचलला, रस्त्यावर उभं राहून काम करून घेतलं, तिचं नाव होतं. जिचा फोन नवऱ्याकडे असतो तिचं होत नाही. हे एवढं साधं आहे, आणि माझ्या अनुभवात बाईची पुढची वाट इथेच ठरते.

मग आली २०१९ ची विधानसभा. भाजप-शिवसेना युती झाली, जागावाटपात देवळाली शिवसेनेकडे राहिली. भाजपच्या नगरसेविकेला तिथे उभं राहायला जागाच उरली नाही. त्यांनी पक्ष सोडला, राष्ट्रवादी काँग्रेसची उमेदवारी घेतली आणि योगेश घोलपांना चाळीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. नगरसेविका ते आमदार हा पल्ला अडीच वर्षांत पार पडला.

त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, बरोब्बर उलट दिशेनं एक प्रवास झाला होता. डॉ. भारती पवार २०१४ ला राष्ट्रवादीकडून दिंडोरीची लोकसभा हरल्या होत्या. २०१९ ला पक्षानं दुसरा उमेदवार दिला. त्या भाजपमध्ये गेल्या, निवडून आल्या आणि जुलै २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. एक बाई राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये, दुसरी भाजप सोडून राष्ट्रवादीत, आणि दोघी जिंकल्या.

पक्ष बदलण्याचं मी समर्थन करत नाही. ज्यांनी चिन्ह पाहून मत दिलं त्यांचा त्यात अपमान असतो, असंच मला वाटतं. तरी शिबिरात मी बायकांना एक गोष्ट विचारायला लावते: वॉर्डात आणि पंचायत समितीच्या गणात अर्ध्या जागा आमच्या, मग विधानसभेला आमचं काय होतं? नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा आहेत. २०१४ ला त्यांतून चार बायका निवडून आल्या: नाशिक मध्यमधून प्रा. देवयानी फरांदे, नाशिक पश्चिममधून सीमा हिरे, बागलाणमधून दीपिका चव्हाण, इगतपुरीतून निर्मला गावित. २०१९ ला तीन: फरांदे, हिरे आणि अहिरे. २०२४ ला पुन्हा त्याच तिघी. खालच्या सभागृहांतून शेकडो बायका कामाला तयार झाल्या, पण वरचा आकडा चारावरून तीनवर आला आणि तिथेच थांबला.

त्यात मार्च २०२२ ला महापालिका आणि जिल्हा परिषद दोन्हींची मुदत संपली, प्रशासक आला आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबत गेल्या. बायकांसाठी पहिली पायरी तीच होती. त्या काळात नवी सरोज अहिरे कुठून येणार होती?

सव्वा महिना उलटला, अधिवेशन लागलं

आपल्याकडे बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये अशी रीत. कानाला फडकं, पाठीला शेक, डिंकाचे-आळिवाचे लाडू. रीतीतला धाक बाजूला ठेवला तरी त्यामागचं शहाणपण खरं आहे, शरीर भरून यायला वेळ लागतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यावं असं डॉक्टर सांगतात, आणि अडीच महिन्यांचं मूल दर दोन-तीन तासांनी भुकेनं उठतं, रात्रीसुद्धा.

आता याच्या शेजारी आमदाराचा दिवस मांडून पाहा. सकाळी कामकाज सुरू होण्याआधी पक्षाची बैठक. मग प्रश्नोत्तराचा तास. आपला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, यादीत कितवा आहे हे ठाऊक असतं, पण तो पुकारला केव्हा जाईल हे सांगता येत नाही. आधीच्या प्रश्नावर गदारोळ झाला तर सभागृह दहा मिनिटं तहकूब, पुन्हा सुरू, पुन्हा तहकूब. लक्षवेधी सूचनेचंही तसंच. विधेयकांवरची चर्चा रात्री उशिरापर्यंत रेंगाळते. प्रश्न पुकारला आणि सदस्य जागेवर नसला की प्रश्न गेला. सहा महिने गावकऱ्यांनी ज्या रस्त्यासाठी, ज्या पाण्याच्या योजनेसाठी निवेदनं दिली, त्याचं उत्तर मंत्र्याच्या तोंडून वदवून घेण्याची संधी गेली.

आणि हे सगळं नाशिकमध्ये नाही. नाशिकरोडहून नागपूर रेल्वेनं रात्रभराचं अंतर. अधिवेशनाच्या आठच दिवस आधी, ११ डिसेंबरला, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला होता. तरी ज्यांनी तान्ह्या बाळाला घेऊन नाशिक ते शिर्डी एवढा प्रवास जरी केला असेल त्यांना कळेल, की किलोमीटर कमी झाले म्हणून बाळाच्या भुकेच्या वेळा बदलत नाहीत. बाळाला घरी ठेवून जायचं तर दोन आठवडे दूध तुटतं. बरोबर न्यायचं तर त्याला धरायला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला विधान भवनात आत सोडण्याचा पास लागतो.

इथे शिबिरातल्या बायका विचारतात, "मग रजा का नाही घेतली?" हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

तेव्हा लागू असलेला प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. दिवसातून चार वेळा आईला तिथे जाऊन येऊ द्यायचं, असंही त्यात लिहिलं होतं. पण हा कायदा नोकरी करणाऱ्या बाईचा. आमदार कुणाच्या नोकरीत नाही. ज्या सभागृहात कामगार स्त्रियांच्या सोयीसुविधांवर चर्चा होते, त्या सभागृहाच्या सदस्य स्त्रीला तो कायदा लागू नव्हता.

तिच्यासाठी जे आहे ते संविधानाच्या कलम १९० मध्ये. सभागृहाच्या परवानगीशिवाय सदस्य साठ दिवस सगळ्या बैठकांना गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी झाली असं जाहीर करू शकतं. अधिवेशन संपल्यानंतरचा काळ, आणि सलग चार दिवसांहून जास्त तहकुबी असेल तर तो काळही, या साठात मोजत नाहीत. आपल्या राज्यातली अधिवेशनं काही आठवड्यांचीच असतात, त्यामुळे एखादं अधिवेशन बुडालं म्हणून बाळंतिणीची आमदारकी जाणार नाही. परवानगीचा अर्जही करता येतो. पण या नियमात बाळंतपण हा शब्द नाही. आजारी पडलेला, परदेशी गेलेला, रुसून बसलेला आणि बाळंत झालेली, सगळे एकाच ओळीत. आणि गैरहजेरी माफ झाली तरी त्या काळात देवळालीच्या लोकांच्या वतीनं बोलायला दुसरं कुणी उभं राहू शकत नाही. बाई जागा गमावत नाही, तिचा मतदारसंघ आपली पाळी गमावतो. त्या दिवशी नागपुरात सरोज अहिरेंच्या बोलण्याचा रोखही हाच होता: आई झाले तरी लोकांचे प्रश्न घेऊन इथे यावंच लागणार.

त्या डिसेंबरमधली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ९ ऑगस्ट २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाचा विस्तार झाला होता, अठरा मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यात एकही बाई नव्हती. बाळाला घेऊन सरोजताई ज्या सभागृहात शिरल्या, तिथे समोरच्या सरकारी बाकांवर मंत्री म्हणून एकही स्त्री बसलेली नव्हती. जुलै २०२३ मध्ये अदिती तटकरेंनी शपथ घेतली तेव्हा हे चित्र बदललं.

हिरकणीचा दरवाजा

नागपुरात गाजावाजा झाल्यावर यंत्रणा हलली. विधान भवनात हिरकणी कक्ष सुरू झाला, म्हणजे आईनं बाळाला पाजायची, निजवायची खोली. बातम्या आल्या, सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

२७ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं. सरोज अहिरे पुन्हा बाळाला घेऊन आल्या. इथल्या हिरकणी कक्षात गेल्या तर धूळ. बाळाला ठेवावं, निजवावं अशी सोय नाही. पाच महिन्यांचं मूल हातात घेऊन बाई त्या खोलीच्या दारात उभी, आणि पुन्हा कॅमेऱ्यांसमोर तेच सांगण्याची वेळ. या वेळी त्यांचा आवाज नागपूरसारखा नव्हता. त्या चिडल्या होत्या, डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर साफसफाई झाली, सोयी आल्या.

माझ्या दृष्टीनं प्रकरणाचा गाभा हा दुसरा प्रसंग आहे. पहिल्या वेळी म्हणता आलं असतं की असं कधी घडलंच नव्हतं, कुणाला सुचणार कसं. दुसऱ्या वेळी तसं म्हणायला जागा नव्हती. बाई तीच, बाळ तेच, सभागृह तेच, फक्त शहर वेगळं, आणि मध्ये दोन महिने गेलेले. नागपूरची खोली एका बाईच्या कौतुकातून झाली होती. कौतुक ओसरलं की खोली कुणाची? ती रोज कुणी झाडायची, चादर कुणी बदलायची, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी कुणी पाहून यायचं, हे कुणाच्या कामाच्या यादीत लिहिलेलं असतं तर त्या सकाळी तिथे धूळ दिसली नसती. सभागृहात माइक चालतो की नाही हे बैठकीआधी तपासलं जातं, कारण ते कुणाचं तरी ठरलेलं काम असतं.

'हिरकणी' हे नाव आपल्याकडे कसं आलं ते सगळ्यांना माहीत आहे. रायगडाखालच्या वाडीतली गवळण, दूध घालायला गडावर गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, कड्यावर बुरूज बांधला. शाळेत आपण ही आईच्या धाडसाची गोष्ट म्हणून शिकलो. शिबिरात एकदा पेठ तालुक्याकडच्या एका सदस्यबाईनं वेगळंच विचारलं. म्हणाली, "ताई, बुरूज बांधला ते बरं झालं, पण दरवाज्याचं काय झालं? दुसऱ्या दिवशी दुसरी गवळण अडकली असती तर?"

तेव्हापासून मी ही गोष्ट तिच्या पद्धतीनंच सांगते. कडा उतरणारी बाई मोठी आहेच. पण कडा उतरावा लागला तो दरवाज्याच्या वेळेमुळे. गडाला वैऱ्याची भीती होती, दरवाजा वेळेवर लावणं भाग होतं. विधान भवनाला तसली कसली भीती आहे? आणि आम्ही नाशिकची माणसं. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह उभा राहिला तेव्हा त्यात बायकाही होत्या, आणि तो वर्षानुवर्षं चालला. दार कुणासाठी बंद आहे हे ज्याच्या-त्याच्या जागेवरून दिसतं, हे या शहराला नव्यानं सांगायला नको.

एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्षाची पाटी तुम्ही पाहिली असेल. पुढच्या वेळी प्रवासाला निघालात की आत डोकावून बघा. काही ठिकाणी खोली नीट असते, बाक असतो, पडदा असतो. काही ठिकाणी कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. माझी स्वतःची मुलगी चार महिन्यांची असताना एका तालुक्याच्या गावी मी प्रशिक्षणासाठी गेले होते. सभागृहाला लागून अशी खोली होती, पाटीही रंगवलेली. आत जुन्या मतदानपेट्या आणि मोडक्या खुर्च्या. मी तिला जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून पाजलं. बाहेर चाळीस बायका माझी वाट बघत होत्या, आणि मी त्यांना त्यांचे अधिकार समजावून सांगणार होते.

पुढे काय झालं

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. सरोज अहिरे अजित पवारांच्या बाजूला राहिल्या. २०२४ च्या विधानसभेत महायुतीनं देवळालीची जागा राष्ट्रवादीला दिली, तरी शेवटच्या घटकेला शिंदेंच्या शिवसेनेचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हवाईमार्गे नाशिकला आला आणि माजी तहसीलदार राजश्री अहिरराव रिंगणात उतरल्या. समोर उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे योगेश घोलप. सरोज अहिरे पुन्हा मोठ्या फरकानं जिंकल्या. एकेकाळी एका घराची मानल्या गेलेल्या या राखीव जागेवर दोन बायका एकमेकींविरुद्ध जोरानं लढल्या, ही गोष्ट मला त्या निकालाइतकीच मोलाची वाटते. महसुलातली नोकरी केलेली बाई आणि नगरसेविकेपासून चढत आलेली बाई, दोघींकडे स्वतःचं काम होतं आणि त्या ते सांगत होत्या.

राज्याचा हिशेब मात्र सुखाचा नाही. २८८ जणांच्या विधानसभेत २०१९ ला २४ बायका होत्या, २०२४ ला २१. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात चार बायकांना स्थान मिळालं. त्यात आपल्या जिल्ह्याची एकही नाही. फरांदे आणि हिरे यांची आता तिसरी टर्म आहे. नाशिकला मंत्रिपदं मिळाली ती पुरुषांना. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेनं विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती केली, पण ती जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली आहे. ती अमलात येईल तेव्हा, आजच्या २८८ जागांच्या हिशेबानं, किमान ९६ बायका असतील. त्या ९६ मध्ये तरुण बायका असतील, त्यांची लग्नं होतील, बाळंतपणं होतील. तेव्हा विधान भवनात एक खोली पुरणार नाही, आणि प्रत्येकीला कॅमेऱ्यासमोर उभं राहून धूळ दाखवायला लावणं माणुसकीला धरून होणार नाही.

काय करता येईल हे अवघड नाही. सभागृहाच्या नियमांत बाळंतपणाची रजा या नावानं लिहायची, म्हणजे अर्जात कारण शोधावं लागणार नाही. बाळंत सदस्याचा प्रश्न पुकारला आणि ती पाच मिनिटं उशिरा आली तर तो दिवसाच्या शेवटी घ्यायचा. बाळ सांभाळणाऱ्या माणसाचा पास आमदाराच्या पासाबरोबरच द्यायचा. पाळणाघर विधिमंडळाच्या कर्मचारी स्त्रियांनाही खुलं ठेवायचं. माझ्या मते यातला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा आहे, कारण आमदार वर्षातून काही आठवडेच येतात, कर्मचारी रोज येतात. ज्या खोलीत रोज मूल खेळतं तिथे धूळ साचत नाही.

शिबिरात

प्रकरण सांगून झालं की मी बायकांना गटांत बसवते आणि एकच काम देते: तुमच्या ग्रामपंचायतीच्या पुढच्या मासिक सभेत यातलं काय आणाल ते ठराव म्हणून लिहा. भाषण नको, ठराव. सूचक कोण, अनुमोदक कोण, खर्च कुठल्या खात्यातून.

पहिल्यांदा पंचाईत होते. निवडून येऊन दोन वर्षं झालेल्या बायकांनाही ठराव स्वतःच्या हातानं लिहायची सवय नसते, इतिवृत्त ग्रामसेवक लिहितो आणि त्या सही करतात. कुणी सभेची वेळ बदलायला सुचवतं. ठरवलेली सभा संध्याकाळपर्यंत लांबते आणि बायका स्वयंपाकाच्या वेळेला उठून जातात, मग महत्त्वाचे विषय त्यानंतर निघतात, हे जवळजवळ सगळ्या गावांत चालतं. कुणी बाहेरच्या संडासाच्या कुलपाबद्दल लिहितं.

गेल्या वर्षीच्या एका शिबिरात दिंडोरी बाजूच्या गावातली एक उपसरपंच होती. वय असेल चोवीस-पंचवीस. तिचं बाळ बरोबरच होतं. सभागृहात आल्या आल्या तिनं पिशवीतून जुनी नऊवारी काढली, खिडकीच्या गजाला एक टोक आणि माझ्या टेबलाच्या पायाला दुसरं टोक बांधून झोळी केली, आणि दिवसभर एका हातानं झोका देत दुसऱ्या हातानं लिहीत बसली. टेबल हलायचं, माझे कागद सरकायचे. दुपारी तिनं ठराव वाचून दाखवला. ग्रामपंचायत कार्यालयाच्या सभेच्या खोलीत छताच्या वाशाला झोळीसाठी दोन लोखंडी कड्या बसवाव्यात. सूचक स्वतः, अनुमोदक वॉर्ड दोनच्या सदस्या. खर्च महिला व बालकल्याणाच्या दहा टक्के निधीतून.

मी तिला विचारलं, दोनच कड्या का? तर म्हणाली, "एका झोळीला दोनच लागतात ना मॅडम." मग थोडं थांबून, कागदावर खाडाखोड करून तिनं दोनचे चार केले.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. ग्रामसेवकानं आधी हे महिला बालकल्याणात बसतं का असं विचारून फाइल ठेवून दिली होती. तिनं मासिक सभेत ठराव पुन्हा मांडून घेतला, मंजूर झाला, गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून कड्या बसल्या. तिचं बाळ आता रांगायला लागलं होतं, झोळीत राहायचं नाही. कड्यांना बांधलेल्या झोळीत सध्या वॉर्ड दोनच्या सदस्येची नात झोपते, असं तिनं सांगितलं.